टरफलांपासून सक्रिय कोळसा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : नारळाच्या करवंट्या जाळून कोळसा केला, बारीक करून पाण्याच्या गाळणीत भरला. पाण्याचा वास तसाच राहिला. कोळसा तर काळाभोर, चांगला दिसतो. चुकले कुठे?

उत्तर : कोळसा चांगलाच झाला असेल, पण तो अजून सक्रिय झालेला नाही. करवंटी भाजली की तिच्यातले उडून जाणारे पदार्थ निघून जातात आणि बारीक छिद्रे तयार होतात, पण त्यातली बरीचशी डांबरासारख्या अंशाने बुजलेली राहतात. ती मोकळी करणे आणि नवी कोरणे म्हणजे सक्रियण. त्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कोळशावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफेची कार्बनशी अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतात, म्हणजे वाफ कोळशाला आतून खात जाते. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये ८०० ते १,२०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि वास, क्लोरीन, रंग त्याच पृष्ठभागाला चिकटतात.

याची किंमत वजनात मोजावी लागते. १० किलो वाळलेल्या करवंट्यांचा साधारण ३ किलो कोळसा होतो आणि सक्रियणानंतर दीड किलोच्या आसपास हाती उरतो. वजन घटलेच नाही, तर सक्रियणही झालेले नाही, असे खुशाल समजा.

प्रश्न : करवंटीच हवी का? आंब्याचे बाठे, अक्रोडाची आणि शेंगदाण्याची टरफले चालतील?

उत्तर : कठीण, दाट आणि कमी राखेचे टरफल घ्यावे. करवंटी, अक्रोडाचे कवच, जर्दाळू आणि पीचच्या बियांची कवचे या कामाला उत्तम. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेत विषारी वायूच्या मुखवट्यांतला कोळसा करण्यासाठी पीचच्या बिया आणि कठीण कवचे लोकांकडून गोळा केली होती, ती याच गुणामुळे. बाठा चालतो, पण आतली कोय काढून आणि बाहेरचे तंतू तासून. शेंगदाण्याचे टरफल हलके असते. त्याचा दाणेदार कोळसा टिकत नाही, चुरा होतो, म्हणून ते भुकटीसाठीच वापरावे. काजूच्या टरफलापासून मात्र दूर राहा. त्यातले तेल कातडी भाजते आणि धूरही डोळ्यांना व त्वचेला झोंबतो.

प्रश्न : भाजण्यापासून वाफ देण्यापर्यंतची कृती क्रमाने सांगाल का? आमच्याकडे पिंप आणि लाकडाची भट्टी आहे.

उत्तर : करवंटीवरचे काथ्याचे तंतू खरवडून काढा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि खडखडीत वाळवा. ओल राहिली तर निम्मे सरपण पाणी उडवण्यातच जाते. झाकणाच्या पिंपात भरा. झाकणाला वायू बाहेर पडण्यापुरते छिद्र हवे. पूर्ण बंद पिंप तापवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. निघणारा वायू नळीने पिंपाखालच्या जाळात सोडला तर तो जळतो आणि धूरही कमी होतो. तापमान सावकाश ५०० अंशांपर्यंत न्या. घाईने तापवले तर डांबर जास्त आणि कोळसा कमी मिळतो.

धुराकडे लक्ष ठेवा. आधी दाट पांढरा येतो, मग पिवळसर आणि उग्र, शेवटी विरळ होऊन जवळपास दिसेनासा होतो. तेव्हा छिद्र मातीने लिंपून पिंप रात्रभर तसेच ठेवा. गरम असताना उघडले तर हवा लागून कोळसा पेट घेतो आणि सकाळी राख हाती येते. नीट भाजलेला तुकडा फरशीवर टाकला की खणखणीत वाजतो आणि मोडल्यावर चकाकतो. आवाज बद्द आला किंवा तुकडा आत तपकिरी दिसला, तर कच्चा आहे, पुन्हा भाजा.

तो फोडून १ ते ३ मिलिमीटरचे दाणे चाळून घ्या. इथपर्यंतचे काम तुमच्या साधनांत होईल. पुढचे होणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ७५० अंशांच्या खाली वाफेची अभिक्रिया फार मंद असते, म्हणून ८५० ते ९५० अंश धरून ठेवावे लागतात. या तापमानाला साध्या लोखंडाचे पापुद्रे सुटतात. नळी ३१० प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा सिरॅमिकची लागते, आणि तापमान थर्मोकपलनेच मोजावे. अभिक्रिया उष्णता शोषणारी आहे. ओली वाफ सोडली की दाण्यांचा थर थंड पडतो आणि काम थांबते, त्यामुळे वाफ आधी तापवून सोडतात. एक ते तीन तासांत कोळशाचे वजन निम्म्यावर आले की थांबावे. त्यापुढे छिद्रांमधल्या भिंतीच जळतात, छिद्रे रुंदावतात आणि दाणा बोटांत चुरतो. बाहेर येणारा वायू विषारी आणि ज्वालाग्राही असतो. तो नळीच्या तोंडाशीच जाळून टाका, आणि हे काम उघड्यावरच करा.

प्रश्न : रसायनाने कमी तापमानात होते असे वाचले. तयार कोळसा फॉस्फोरिक आम्लात भिजवून तापवला, पण फरक पडला नाही.

उत्तर : आम्ल कोळशाला नव्हे, कच्च्या टरफलाला लावायचे असते. फॉस्फोरिक आम्ल टरफलातल्या सेल्युलोज आणि लिग्निनवर काम करते. कोळसा झाल्यावर ते उरतच नाहीत. वाळलेल्या टरफलाची १ किलो भरड घ्या. ८५ टक्क्यांचे सव्वा ते दीड किलो आम्ल पाण्याने अर्ध्यावर पातळ करून त्यात ती रात्रभर भिजवा, ११० अंशांवर सुकवा आणि हवा न लागू देता ४५० ते ५०० अंशांवर तासभर ठेवा. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. नंतर गरम पाण्याने पीएच ६ ते ७ येईपर्यंत धुवत राहा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, आणि मग गाळलेले पाणी आंबट लागते. झिंक क्लोराइडनेही छिद्रे होतात, पण जस्त मागे राहते. पिण्याच्या पाण्यासाठी तो मार्ग घेऊ नका.

प्रश्न : लिंबाच्या रसात कोळसा भिजवून तो सक्रिय होतो का?

उत्तर : नाही. सायट्रिक आम्लाने थोडी राख धुतली जाते, इतकेच. ते छिद्रे कोरत नाही.

प्रश्न : प्रयोगशाळा नसताना कोळसा सक्रिय झाला की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाने. १ लिटर पाण्यात ०.१ ग्रॅम रंग विरघळवा. चार बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर घ्या. एकीत तुमचा कोळसा, दुसरीत साधा कोळसा, तिसरीत खात्रीचा सक्रिय कोळसा टाका, प्रत्येकी ०.१ ग्रॅम आणि सारखाच बारीक दळलेला. चौथीत काहीच नको. अर्धा तास हलवून निवळू द्या. सक्रिय कोळशाची बाटली जवळपास पाण्यासारखी होते, साध्या कोळशाची निळीच राहते. कागदातून गाळू नका, कागदही रंग धरतो. करवंटीच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे जास्त असतात आणि रंगाचा मोठा रेणू त्यांत शिरत नाही. म्हणून ही चाचणी तुलनेपुरतीच समजा. विक्रीसाठी आयोडीन अंक, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती आयोडीन धरतो याचे माप, काढून घ्यावा. करवंटीच्या चांगल्या कोळशाचा तो ग्रॅमला ९०० ते १,१०० मिलिग्रॅम असतो.

प्रश्न : गाळणीत किती कोळसा भरावा? पहिल्या दिवशी काळे पाणी येते आणि फुगे निघतात.

उत्तर : दाणे आधी धुवून २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे छिद्रांतली हवा निघते आणि भुकटीही जाते. मग ७५ मिलिमीटर व्यासाच्या उभ्या नळीत सुमारे ४५ सेंटिमीटर उंच थर भरा. हा साधारण २ लिटर, म्हणजे १ किलो कोळसा होतो. पहिले पाणी खालून वर सोडा. त्यानंतर तासाला १२ लिटरपेक्षा जास्त पाणी सोडू नका, म्हणजे पाण्याला थरातून जायला १० मिनिटे मिळतील. रुंद आणि उथळ भांड्यात पाणी एकाच वाटेने पळते आणि बाकीचा कोळसा नुसता भिजत राहतो.

हा कोळसा क्लोरीन, वास, रंग आणि बरीच सेंद्रिय द्रव्ये धरतो. क्षार, नायट्रेट तो काढत नाही, फ्लोराइडवरही त्याचा भरवसा धरू नये, आणि जंतू मारत नाही. उलट क्लोरीन गेल्यावर थरातच जंतू वाढतात, म्हणून निर्जंतुकीकरण गाळणीनंतर करावे.

प्रश्न : वापरलेला कोळसा उन्हात वाळवून पुन्हा चालतो का?

उत्तर : उन्हाने पाणी उडते, धरलेली द्रव्ये सुटत नाहीत. उकळूनही फारतर हलके, उडणारे पदार्थ जातात. खरे पुनरुज्जीवन पुन्हा ८०० अंशांच्या वर वाफ देऊनच होते आणि प्रत्येक वेळी थोडा कोळसा खर्ची पडतो. एक सावधगिरी मोठ्या टाक्यांसाठी : ओला सक्रिय कोळसा बंद जागेतला ऑक्सिजन शोषून घेतो. अशा टाकीत हवा खेळती केल्याशिवाय आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नका.