वाचकांचे प्रश्न : इंटरनेटच्या कारभारात आपले म्हणणे कुठे मांडावे?

प्रश्न : आमच्या गावात दर २८ दिवसांनी रिचार्ज करावा लागतो. वावरात रेंज मिळत नाही, तरी ई-पीक पाहणीपासून बँकेपर्यंत सगळी कामे मोबाईलवरच करा, असे सांगितले जाते. इंटरनेटचे नियम ठरवणारे लोक आमच्यासारख्या साध्या वापरकर्त्यांना कधी विचारतात का? विचारत असतील, तर कुठे?
— एक कापूस उत्पादक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : विचारतात, पण एका ठिकाणी नव्हे, आणि आपल्या दारी येऊन तर नव्हेच. संकेतस्थळांची नावे आणि पत्ते यांची जागतिक व्यवस्था ‘आयकॅन’ ही १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली संस्था पाहते. संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे तांत्रिक नियम दुसरीकडेच ठरतात. आपण विचारलेले रिचार्ज, रेंज आणि सेवेचा दर्जा हे विषय मात्र दिल्लीच्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या कक्षेत येतात. ट्रायच्या १९९७ च्या कायद्यानेच तिला आपले काम पारदर्शकपणे करण्याचे बंधन घातले आहे. म्हणून कोणताही मोठा नियम करण्यापूर्वी ट्राय एक सल्लामसलत पत्र प्रसिद्ध करते. त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात आणि त्यांवर कोणीही नागरिक लेखी मत पाठवू शकतो. आलेली मते संकेतस्थळावर ठेवली जातात, त्यांवर प्रतिमते मागवली जातात आणि पुढे खुली चर्चा होते.

या मार्गाने काही घडते का, ही शंका रास्त आहे. २०१५ साली ट्रायने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाबद्दल मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल आले आणि देशभर चर्चा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे भरून पाहू देणाऱ्या योजनांबद्दल दुसरे पत्र निघाले. फेसबुकने तेव्हा आपल्या वापरकर्त्यांकडून एकाच साच्यातल्या लाखो प्रतिक्रिया पाठवून घेतल्या. पत्रात विचारलेल्या प्रश्नांना या प्रतिक्रियांत उत्तर नाही आणि ही सल्लामसलत आहे, मतमोजणी नव्हे, असे ट्रायने कंपनीला कळवले. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून डेटाचे दर वेगवेगळे ठेवण्यावर बंदी आली. ई-मेल पाठवण्याच्या त्या चळवळीचे कौतुक झाले ते योग्यच. पण तिचा मोठा भाग शहरी आणि इंग्रजी जाणणारा होता, हेही विसरू नये.

गावाच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचे उदाहरण २०२४ चे वाटते. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्यालाही डेटासह असलेले महागडे रिचार्ज घ्यावे लागत होते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने याबद्दल मते मागवली आणि डिसेंबरमध्ये नियम बदलून, केवळ कॉल आणि एसएमएस असलेले किमान एक व्हाउचर प्रत्येक कंपनीने द्यावे, असे ठरवले. अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभाही त्याच दुरुस्तीने दिली. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी असे व्हाउचर दुकानदाराकडे नाव घेऊन मागावे. तो ते आपणहून सांगेलच, असे नाही.

एक धोकाही सांगितला पाहिजे. कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ११ मे २०१६ रोजी रद्द केला. तो मनमानी असल्याचे न्यायालयाने म्हटलेच, शिवाय नियम करताना कायद्याला अपेक्षित असलेली पारदर्शकता पाळली गेली नाही, असेही नमूद केले. ग्राहकाच्या बाजूचा नियमसुद्धा कारणमीमांसा कच्ची राहिली तर टिकत नाही. त्यामुळे मत पाठवताना ‘नेटवर्क फार खराब आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या शिवारात, कोणत्या कंपनीची रेंज, दिवसाच्या कोणत्या वेळी नसते आणि त्यामुळे कोणते काम अडते, हे पत्रातील ज्या प्रश्नाशी जुळते त्याचा क्रमांक घालून लिहावे. सेवेच्या दर्जाबाबतच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या रेंजचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्या नकाशात आपले वावर रेंजमध्ये दाखवले असेल आणि प्रत्यक्षात फोन लागत नसेल, तर एवढा एक पुरावा शंभर तक्रारींना भारी आहे. सल्लामसलत पत्र इंग्रजीत असते, ही खरी अडचण आहे. गावातील महाविद्यालयीन मुलामुलींना त्यासाठी हाताशी घेण्याला पर्याय दिसत नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीपर्यंत केंद्राच्या भारतनेट योजनेची इंटरनेट केबल आली आहे, पण जोडणी बहुतेक वेळा बंद असते. ग्रामसभेने ठराव केला तर त्याला काही किंमत आहे का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा गडचिरोली

उत्तर : केबल दुरुस्त करण्याचा आदेश देण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. पण ठराव हा सही-शिक्क्याचा दस्तऐवज असतो, तोंडी तक्रारीसारखा तो विरून जात नाही. जोडणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होती, याची नोंदवही पंचायतीने ठेवावी आणि ठरावासोबत तिची प्रत जोडावी. ती प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी, तसेच केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या, खासदारांच्या अध्यक्षतेखालील ‘दिशा’ समितीकडेही पाठवावी. आपल्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटात बसून आधी विषय समजून घ्यायचा आणि मग सर्वसहमतीने ठरवायचे, ही रीत रुजवली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. इंटरनेटचे तांत्रिक नियम बनवणाऱ्या ‘आयईटीएफ’ या मंडळातही मतदान घेत नाहीत, बहुतांश सहमती झाली की नाही हेच पाहतात, आणि तिथे येणाऱ्याला सदस्यत्वाची अट नसते. मेंढ्याच्या माणसाला ती सभा फारशी परकी वाटणार नाही.

प्रश्न : जागतिक पातळीवर सामान्य वापरकर्त्यांचे प्रतिनिधी असतात, असे वाचले. त्यांना खरोखर अधिकार असतो का? इंग्रजी बेताचे असलेल्या विद्यार्थिनीला तिथे काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, जिल्हा बुलढाणा

उत्तर : अधिकार थोडा आणि सल्ला बराच, अशी स्थिती आहे. आयकॅनने २००० साली जगभरच्या वापरकर्त्यांकडून ऑनलाइन मतदानाने पाच संचालक निवडून घेतले होते. तो प्रयोग लवकरच गुंडाळला गेला. त्याच्या जागी पंधरा जणांची सल्लागार समिती आली. जगाचे पाच विभाग पाडून प्रत्येकातून दोन आणि आयकॅनच्याच नामनिर्देशन समितीकडून पाच, अशी तिची रचना आहे. २०१० पासून संचालक मंडळातील एक जागा या वापरकर्ता समुदायाकडे आहे. मतदान करणाऱ्या सोळा संचालकांत एक, हे प्रमाण समाधानकारक आहे, असे मला वाटत नाही. शिवाय वर्षानुवर्षे बैठकांना जाणारी तीच ती माणसे हळूहळू वापरकर्त्यांपेक्षा जाणकारांची भाषा बोलू लागतात.

तरीही दार बंद नाही. या समुदायाच्या आशिया-पॅसिफिक विभागातील संघटनेत व्यक्ती म्हणूनही सहभागी होता येते. आयकॅनच्या मुख्य बैठकांत दुभाषी असतात ते संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांचे. त्यांत हिंदीही नाही आणि मराठीही नाही. मात्र जिथे मराठी येणाऱ्यांवाचून अडते, असा एक विषय आहे. देवनागरीत ‘.भारत’ने संपणारे पत्ते २०१४ पासून मिळतात, पण कित्येक संकेतस्थळांच्या अर्जांत असा ई-मेल पत्ता भरला तर तो ‘अवैध’ ठरवला जातो. पत्त्यात कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने चालावीत, ‘शेतकऱ्यां’मधला ‘ऱ्या’ त्यात बसावा की नाही, असे नियम देवनागरीसाठी ठरवताना भाषेच्या जाणकारांचा गट बसला होता आणि मसुद्यावर जाहीर मतेही मागवली होती. बँक, विद्यापीठ किंवा सरकारी कार्यालय यांच्या ऑनलाइन अर्जांत मराठी पत्ता स्वीकारला जातो का, हे आपण आपल्या फोनवरून तपासू शकता. जिथे नाकारला जाईल तिथला स्क्रीनशॉट त्या कार्यालयाच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवावा आणि त्याची प्रत ‘.भारत’ पत्त्यांचे व्यवस्थापन करणाऱ्या ‘निक्सी’ संस्थेला द्यावी. एवढ्यासाठी बेताचे इंग्रजी पुरेसे आहे.