माळ घातलीस, आता थोडं ऐक

नोकरीच्या काळजीनं रात्र रात्र जागतोस, कळतंय मला. देवाकडं लगेच उत्तर मागू नकोस, आधी नेम धर. संध्याकाळी हरिपाठाला ये, मागं बसलास तरी चालेल. टाळ सगळ्यांचाच चुकतो.

२०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा नदीचं पाणी आमच्या भातात शिरलं. ओसरलं तेव्हा रोपांवर बोटभर गाळ. त्या रात्री विठ्ठलाशी चक्क भांडलो, मग भजनाला बसलो. भांडण चालतं त्याला, अबोला धरू नये. सकाळी शेजारचे अण्णा (विठ्ठलभक्त संत पुरंदरदासांची पदं कन्नडात म्हणतात, गळा काय गोड!) उरलेला तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, घेऊन बांधावर उभे.

अर्ज भरणं मात्र थांबवू नकोस हं. आणि एकादशीला ये, शाबूची खिचडी असते.