अर्जांच्या पावत्यांनी मुदत थांबत नाही

प्रश्न (बीड जिल्ह्यातून) : डिसेंबर २०२४ मध्ये रात्री साडेआठच्या सुमारास माझा धाकटा भाऊ स्वतःच्या मोटारसायकलवरून गावी येत होता. राष्ट्रीय महामार्गावर मोरीचं काम चालू होतं. जुना रस्ता मुरमाचा ढीग टाकून बंद केला होता आणि बाजूने कच्चं डायव्हर्शन काढलं होतं. फलक नव्हता, दिवा नव्हता. ढिगावर आदळून भाऊ जागीच गेला. वय ३४. मागे पत्नी, दोन लहान मुलं आणि आई. पोलिसांनी भावावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. सतरा महिन्यांत मी अकरा अर्ज दिले, सगळ्यांच्या पावत्या आहेत. सहा महिने उलटल्यामुळे क्लेम बसणार नाही, असं एका वकिलांनी सांगितलं. ठेकेदाराला शिक्षा आणि कुटुंबाला भरपाई कशी मिळेल?

उत्तर : मराठवाड्यात महामार्गांची कामं निघाल्यापासून याच मजकुराची पत्रं येतात. गाव बदलतं, ढीग तोच असतो. चूक कुणाची, यावर इथे शाई घालवत नाही. तुमचं प्रकरण एकाच गोष्टीवर तरेल किंवा बुडेल, ती म्हणजे मुदत. आणि तुम्ही भलतीच मुदत मोजत बसला आहात.

सहा महिन्यांची मुदत मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मधली, अपघात दावा न्यायाधिकरणापुरती. तिला आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण तुमच्या अपघातात दुसरं वाहनच नाही, गाडीही भावाचीच. रस्ता बांधणाऱ्याला न्यायाधिकरणात ओढायचं म्हटलं तर अधिकारक्षेत्राचा वाद पहिल्याच तारखेला निघेल.

तुमचा खरा रस्ता दिवाणी दाव्याचा, फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट, १८५५ खाली. त्यासाठी मुदत अधिनियमाच्या (लिमिटेशन अ‍ॅक्ट) अनुच्छेद ८२ प्रमाणे मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. म्हणजे तुमच्या हातात सात महिने आहेत. आणि नीट वाचा : विलंब माफ करणारं त्याच अधिनियमाचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागतं, दाव्याला लागत नाही. दोन वर्षांवर एक दिवस गेला तर न्यायाधीशांना कितीही वाईट वाटलं तरी त्यांचे हात बांधलेले. तहसील, लोकशाही दिन, आपले सरकार पोर्टल, आमदारांचं शिफारसपत्र, यांपैकी कशानेही घड्याळ थांबलेलं नाही. अकरा पावत्या फाइलला लावा, सरकारला माहिती होती हे दाखवायला त्या कामी येतील. मुदतीसाठी त्यांची किंमत शून्य.

दुसरी चूक याहून वेगळी. अकराही अर्ज तुमच्या सहीचे दिसतात. या कायद्याखालचा दावा पती, पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी असतो. भाऊ त्यात येत नाही. दावा वहिनींनी स्वतःसाठी, मुलांची पालक म्हणून आणि सासूबाईंना सोबत घेऊन करायचा. मुलं अज्ञान (अठरा वर्षांखालची) आहेत, त्यांची मुदत लांबते, असं कोणी सांगेल. कायद्यात तशी सोय आहे, पण वहिनी आणि आई सज्ञान असताना त्यावर भिस्त ठेवून झोपणं मी सुचवणार नाही.

सात महिने वाटतात तेवढे मोठेही नाहीत. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ते दोन महिने मुदतीतून वजा होतात (मुदत अधिनियम, कलम १५). तरी ते हिशेबात धरू नका. नोटीस पुढच्या पंधरा दिवसांत जाऊ द्या. केंद्रासाठी संबंधित मंत्रालयाच्या सचिवांना, राज्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना, शिवाय रस्ता ज्याच्या ताब्यात होता त्या कार्यालयाला आणि ठेकेदाराला. दोन महिने भरायच्या आत दावा टाकला तर तो टिकत नाही. सरकार पक्षकार असलेला दावा तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात नेऊ नका, तो वरिष्ठ स्तराकडेच. कोर्ट फी रकमेवर लागते. ती झेपत नसेल तर निर्धन म्हणून दावा चालवण्याच्या परवानगीचा अर्ज करा. अशा वेळी अर्ज दाखल केल्याची तारीख हीच दाव्याची तारीख धरतात, निकालाची वाट पाहण्याची गरज नसते.

समोरचा वकील अनुच्छेद ७२ ची एक वर्षाची मुदत पुढे करेल : कायद्यानुसार करायचं काम न केल्याबद्दलची भरपाई म्हणून. पंजाबातल्या कालवाफुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीचा जुना अवतार निष्काळजीपणाच्या दाव्याला लावला नव्हता. तुमच्या वकिलांनी ते तयार ठेवावं. निकाल काय लागेल हे मी छातीठोक सांगणार नाही.

आता पुरावा. घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल पाहिली. 'रस्ता सरळ, डांबरी, सुस्थितीत, वाहतुकीस योग्य' असा ठोकळेबाज मजकूर आहे आणि खाली पंच म्हणून तुमच्याच चुलतभावाची सही. त्यांनी तो वाचला होता का? न वाचता सही करायची ही सवय आपल्याकडे शेतजमिनीपासून मयतापर्यंत सारखीच. त्या सहीवर उलटतपासणीत तासभर जाईल. उपाय एवढाच की त्या रात्री तिथे आलेल्यांचे फोटो आजच गोळा करा. मूळ मोबाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत नव्हे, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासोबत जोडा. १०८ रुग्णवाहिकेची नोंद, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा), शवविच्छेदन, आरटीओची वाहन तपासणी यांच्या प्रमाणित नकला घ्या. पोलिसांच्या ऑनलाइन अपघात नोंदीत रस्ते विभागाच्या अभियंत्यानेही जागेची माहिती भरायची असते. ती भरली असेल तर मिळवा. नसेल तर नाही भरली, हेही लेखी घ्या.

'मयत भरधाव होता' हा बचाव येणारच. त्याचं उत्तर हिशेबात आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) चालकाला समज येऊन ब्रेक दाबायला अडीच सेकंद धरते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ४२ मीटर गेले. ६० च्या वेगाला थांबायला एकूण ८० मीटर दिसले पाहिजेत, असं तीच संस्था मानते. समोरून ट्रक आला की मोटारसायकलस्वार दिवा खाली करतो आणि मग त्याला दिसतं ते याच्या निम्मंही नसतं. त्यात धुळकट मुरूम आणि धुळकट डांबर एकाच रंगाचे. रस्त्याची जुनी पांढरी रेघ न पुसता तशीच ठेवलेली असेल तर ती डोळ्यांना सरळ ढिगात घेऊन जाते. वळण डोळ्यांना कळावं म्हणून आधी इशारा फलक, मग शंकू किंवा पाणी भरलेले प्लास्टिक अडथळे तिरक्या रांगेत, त्यावर प्रकाश परतवणारी पट्टी (आपण तिला रेडियम म्हणतो), रात्री लुकलुकणारा दिवा, असा क्रम ठरलेला आहे. कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी आयआरसी:एसपी:५५ ही मार्गदर्शिका त्यासाठीच आहे. चुना फासलेले दगड आणि डांबराचे गंजके पिंप यांनी हे काम होत नाही. पिंपात दगड भरले असतील तर तोच दुसरा अडथळा. साक्षीत अभियंत्याला एकच प्रश्न पुरे : हा ढीग रात्री ८० मीटरवरून दिसावा म्हणून तुम्ही काय लावलं होतं?

भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आणि मार डोक्यालाच असेल तर भरपाईत कपात होऊ शकते.

प्रतिवादी कोण, हे अंदाजाने ठरवू नका. महामार्ग राष्ट्रीय असला तरी ताबा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो, सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतो, क्वचित रस्ते विकास महामंडळाकडे. माहिती अधिकारात चारच गोष्टी मागा : ठेकेदाराला काम सुरू करण्याची करारातली नियत तारीख, मंजूर वाहतूक व्यवस्थापन आराखडा, अपघाताच्या आधीच्या तीन महिन्यांचे प्रगती अहवाल आणि सुरक्षेबाबत ठेकेदाराला दिलेल्या नोटिसा. नियत तारखेनंतर चालू रस्ता सुरक्षित ठेवणं हे करारानुसार सहसा ठेकेदाराचं काम असतं. अशी एखादी नोटीस निघालेली असेल तर धोका माहीत होता हे त्यांच्याच कागदावर आलं. उत्तराला तीस दिवस लागतील, म्हणून अर्ज नोटिशीसोबतच टाका, तिच्यानंतर नव्हे.

रकमेचा अंदाज असा. महिन्याला १५,००० रुपये उत्पन्न शाबीत झालं असं धरू. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के : २१,०००. चार अवलंबित, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा : १५,७५०. वर्षाचे १,८९,०००, आणि ३१ ते ३५ वयाचा गुणक १६. झाले ३०,२४,०००. ही पद्धत मोटार अपघात दाव्यांची. दिवाणी न्यायालयं तिचा आधार घेतात, पण बांधील नसतात. उत्पन्नाचा कागद नसेल तर हा आकडा झपाट्याने खाली येईल.

गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, हे सतरा महिन्यांत कुणी पाहिलेलं दिसत नाही. आजच पाहा. परवाना चालू असेल तर थेट कंपनीकडे मागणी करा. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ च्या परिपत्रकात सांगितलं होतं.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख देण्याचा आदेश दिला. तुमचा ढीग खड्डा नाही आणि मृत्यू आदेशाआधीचा. तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज टाकून ठेवा, फार आशा न ठेवता.

शिक्षेचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू झाला तर यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. तो दंड अपघात निधीत जातो, वहिनींना मिळत नाही. आणि फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत सहा महिने, ती गेली. म्हणून एकटं १९८अ धरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) सोबत तक्रार द्या. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्याला अशी मुदत नाही, आणि दोन्ही गुन्हे एकत्र चालणार असतील तर मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत धरतात. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षक, मग न्यायदंडाधिकारी. पण याच्या निकालाची वाट पाहत दिवाणी दावा थांबवाल तर पुन्हा तेच कराल, जे सतरा महिने केलंत.

शेवटी तुम्ही लिहिता की पुढच्या मोरीवर अजून तसाच ढीग आहे. त्यासाठी बारावा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना देऊ नका. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी, अर्ज करा. त्यावर ते सशर्त आदेश काढू शकतात. रात्रीचा फोटो जोडा. आणि जागा सांगताना 'अमुक गावाजवळ' एवढंच लिहू नका. ठेकेदाराचा चेनेज (कामाच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) आणि रस्त्याकडेचा किलोमीटर दगड यांचे आकडे बऱ्याचदा जुळत नाहीत, म्हणून दोन्ही लिहा. नोटिशीतही हेच करा.