‘तोरिहोस आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घालताना’ हे चित्र कोणाचे, आणि त्या चित्रकाराचे नाव फारसे का ऐकू येत नाही?

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील ज्या भव्य चित्राबद्दल आपण विचारले आहे, ते आंतोनियो हिस्बेर्त यांनी 1888 मध्ये पूर्ण केले. नाव मागे का पडले याचे माझ्या मते उत्तर असे, की त्यांची कारकीर्द स्पेनमधल्या उदारमतवादी पक्षाच्या नशिबाला बांधलेली होती. तो पक्ष सत्तेवर आला की चित्रकार वर जात आणि तो पडला की तेही बाजूला पडत.

त्यांचा जन्म 1834 मध्ये आलिकांते प्रांतातल्या आल्कॉय या गावी झाला. माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्तीवर ते रोमला गेले. त्या काळी स्पेनमध्ये नाव कमावण्याचा राजमार्ग म्हणजे 1856 पासून सुरू झालेली राष्ट्रीय कलाप्रदर्शने, आणि तिथे मोठा मान होता तो इतिहासातील प्रसंग रंगवणाऱ्या भल्यामोठ्या कॅनव्हासला. 1860 च्या प्रदर्शनात हिस्बेर्त यांनी ‘कास्तियाचे कोमुनेरो’ हे चित्र मांडले. राजा पाचव्या चार्ल्सविरुद्ध उठाव करणाऱ्या पादिया, ब्राव्हो आणि माल्दोनादो या तिघांचा 1521 मध्ये वियालार येथे शिरच्छेद झाला, तो हा प्रसंग. वधस्तंभावर एकाचे शिर आधीच उतरवलेले आहे आणि पादिया आपली पाळी येण्याची वाट पाहत ताठ उभा आहे. राणी दुसऱ्या इसाबेलच्या राजवटीत या चित्राचा राजसत्तेविरोधी अर्थ कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. परीक्षकांनी पहिल्या श्रेणीचे पदक दिले, पण सर्वोच्च सन्मान नाकारला, आणि त्यावरून चांगलाच गदारोळ झाला. चित्र अखेर संसदेच्या प्रतिनिधिगृहाने घेतले. पुरोगामी उदारमतवाद्यांनी हिस्बेर्त यांना डोक्यावर घेतले, तर मवाळ पक्षाने त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून चित्रकार कासादो देल आलिसाल यांना उभे केले. चित्रांवरची भांडणे अशी पक्षांच्या वळणावर गेली.

1868 च्या क्रांतीत इसाबेल पदच्युत झाली आणि हिस्बेर्त प्रादो संग्रहालयाचे संचालक झाले. राजसंग्रह राष्ट्राच्या मालकीचा होण्याचा काळ नेमका हाच. नवा राजा आमादेओ याच्याशीही त्यांचे जुळले. त्या क्रांतीचे एक नेते जनरल प्रिम यांचा खून झाल्यावर त्यांच्या शवपेटीपुढे आमादेओ उभा असल्याचे चित्र हिस्बेर्त यांनीच काढले. मात्र 1873 मध्ये आमादेओने गादी सोडली, प्रजासत्ताक आले, आणि हिस्बेर्त पद सोडून पॅरिसला निघून गेले. तिथे अठराव्या शतकातील पोशाखांतली छोटी, विकली जाणारी चित्रे ते काढत राहिले. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे त्यात फारसे नाही.

पुढे सागास्ता यांचे उदारमतवादी सरकार आले आणि 1886 मध्ये सरकारनेच त्यांच्याकडे तोरिहोसचे चित्र मागितले. जनरल तोरिहोस हा सातव्या फर्डिनांडच्या निरंकुश सत्तेविरुद्ध लढणारा निर्वासित नेता. मालागाच्या गव्हर्नरने खोटी पत्रे पाठवून त्याला किनाऱ्यावर उतरायला लावले, पकडले, आणि 11 डिसेंबर 1831 रोजी कोणताही खटला न चालवता त्याला आणि त्याच्या 48 साथीदारांना गोळ्या घालण्यात आल्या. मरणाऱ्यांत रॉबर्ट बॉइड नावाचा आयरिश तरुण होता, जो आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या सैन्यात अधिकारी होता आणि ज्याने वारशाने मिळालेला पैसा या मोहिमेत ओतला होता.

सुमारे सहा मीटर रुंदीच्या या कॅनव्हासवर गोळीबार दिसतच नाही. कैद्यांची एक तुकडी आधीच मारली गेली आहे. तिच्यातली प्रेते चित्राच्या खालच्या कडेने अर्धवट कापली गेली आहेत आणि वाळूत एक टोपी पडलेली आहे. मधोमध तोरिहोस दोन्ही बाजूंच्या वयस्क सोबत्यांचे हात धरून उभा आहे, त्यातल्या एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जात आहे. सैनिक मागे रांगेत उभे आहेत, करड्या आकाशाखाली, कंटाळल्यासारखे. थोर स्पॅनिश चित्रकार गोया यांनी 1814 मध्ये अशाच हत्याकांडाचे चित्र काढताना कंदिलाचा झगझगीत उजेड आणि वर फेकलेले हात दाखवले होते. हिस्बेर्त यांनी तो आक्रोश टाळून सारे लक्ष वाट पाहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर ठेवले, आणि म्हणूनच सरकारी मागणीवरून काढलेल्या या चित्रात मला प्रचाराचा दर्प येत नाही.

दुर्दैव इतकेच, की हे चित्र तयार होईपर्यंत युरोपची आवड बदलली होती. पॅरिसमध्येच चित्रकार इतिहासाकडे पाठ फिरवून रस्ते, बागा आणि कॅफे रंगवत होते. हिस्बेर्त 1901 मध्ये पॅरिसला वारले. पुढे विसाव्या शतकात या प्रकारच्या चित्रांना जुनाट ठरवण्याची रूढी पडली. 2019 मध्ये प्रादोने या एका चित्राभोवती स्वतंत्र प्रदर्शन भरवले. गोयांचे चित्रही त्याच संग्रहालयात आहे, त्यामुळे तिथे जाणे झाले तर दोन्ही एकाच दिवशी पाहावीत.