गाडी बदलली, एसी गेला. आता पैसे कुणाकडे मागायचे?

प्रश्न : पुणे-नागपूर एसी स्लीपरचं तिकीट ॲपवरून काढलं होतं. रात्री साडेआठची गाडी साडेअकराला आली, तीही नॉन-एसी. ट्रॅव्हल्सवाले म्हणतात ॲपला विचारा, ॲपवाले म्हणतात ट्रॅव्हल्सला. निदान फरक तरी मिळेल का? (वाचक, नागपूर)

उत्तर : मागा, आणि दोघांकडेही मागा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे ॲपवाल्यांचं पाठ केलेलं वाक्य आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. कॉल सेंटरच्या ‘एक दाबा, दोन दाबा’त जीव घालवू नका. साइटच्या तळाशी ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’चा ई-मेल असतो, त्यावर लिहा आणि तोच मेल ट्रॅव्हल्सलाही पाठवा. पाच-सहा ओळी पुरतात : पीएनआर, तारीख, काय ठरलं होतं, काय मिळालं, किती रुपये हवेत, किती दिवसांत.

आणि गाडीचा नंबर. हा बहुतेकांकडे नसतो, आणि घोडं तिथेच अडतं. तिकिटावर एका ट्रॅव्हल्सचं नाव, काचेवर दुसऱ्याचं, गाडी तिसऱ्याच मालकाची, असं सर्रास चालतं. चढण्याआधी पिवळ्या नंबरप्लेटचा फोटो घ्या, आत उघड्या खिडक्यांचा घ्या, ड्रायव्हरच्या नंबरावर केलेले कॉल पुसू नका.

गाडी आलीच नाही, तर वैतागून ॲपवरचं ‘तिकीट रद्द करा’ दाबू नका. ते प्रवाशाने स्वतःहून केलेलं रद्दीकरण धरलं जातं, कपात तुमच्याच माथी बसते. कधी तर ‘प्रवासी आलाच नाही’ अशी नोंद होते. थांब्यावर उभं राहून, वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढलेला असला की ही नोंद खोडून काढता येते.

मेलने काम झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती पाठपुरावा करते, आदेश देऊ शकत नाही. बऱ्याचदा तेवढ्यानेही पैसे सुटतात. नाहीच सुटले तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. तिकिटाला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. तिकिटामागे बारीक अक्षरात ‘पुणे न्यायकक्षा’ असं छापलेलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तुम्हाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करू देतं.

प्रश्न : दिवाळीत खासगी गाडीचं भाडं दुप्पट-तिप्पट होतं. याला काही मर्यादा? (वाचक, लातूर)

उत्तर : आहे. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी गाडीचं भाडं त्याच प्रकारच्या एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. समजा एसटीचं भाडं ८०० रुपये, तर १२०० ला कुंपण. चूक होते ती तुलनेत : एसी स्लीपरच्या तिकिटाशेजारी लालपरीचं भाडं मांडलं तर तक्रार टिकत नाही, वर्ग तोच हवा. पैसे भरल्याचा पुरावा, तिकीट आणि त्याच दिवसाच्या एसटी भाड्याचा स्क्रीनशॉट घेऊन आरटीओकडे लेखी द्या. सणाच्या गर्दीत तपासणी पथकं रस्त्यावर असतात. तक्रार तेव्हाच द्या, तुळशीच्या लग्नानंतर नको.

प्रश्न : एसटी वाटेत बंद पडली तर पुन्हा तिकीट काढावं लागतं का? (वाचक, सांगोला)

उत्तर : नाही. त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देणं वाहकाचं काम. त्याने हात वर केले तर बिल्ला नंबर टिपा आणि पुढच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे लेखी तक्रार द्या. मशीनच्या तिकिटाचा फोटो मात्र लगेच काढा; तो कागद घामाच्या खिशात राहिला की अक्षरं उडून जातात.