आईला गावातल्या आणि लातूरच्या अशा दोन डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आहेत. मेडिकलवर त्या तपासून मिळतील का?

होय, दोन्ही चिठ्ठ्या आणि घरातल्या गोळ्यांची पिशवी फार्मासिस्टला दाखवा, कारण एकच औषध दोनदा आले आहे का आणि औषधे एकमेकांना बाधतात का हे पाहणे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने त्यांचे कर्तव्यच ठरवले आहे. मी नांदेडमध्ये काउंटरवर हेच काम करतो. टेल्मा 40 आणि टेल्मिकाइंड 40 ही नावे निराळी असली, तरी पाकिटामागे बारीक अक्षरांत दोन्हींवर टेल्मिसार्टनच छापलेले असते. दोन्ही घेतल्यास मात्रा दुप्पट होऊन उठताना भोवळ येऊ शकते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक चालू असेल तर तेही आवर्जून सांगा, त्याने रक्तदाब वाढू शकतो. मात्र कोणती गोळी थांबवायची, हा निर्णय डॉक्टरांचाच आहे.