पातिओ, कौलं आणि चुना : स्पॅनिश घरांविषयी तुमचे प्रश्न

कोर्दोबातल्या जुन्या घरांना रस्त्याकडे मोजक्याच खिडक्या. मग उन्हाळ्यात आत उकडत कसं नाही?

घराचं तोंड आतल्या अंगणाकडे, पातिओकडे असतं. रस्त्यावरून आधी 'साग्वान' लागतं, म्हणजे आपल्या वाड्याची देवडीच. तिच्या आतल्या टोकाला लोखंडी जाळीचं दार, त्यातून वारा खेळतो. दुपारी अंगणावर कापडी छत ओढतात, फरशीवर पाणी शिंपडतात आणि अंधार पडला की छत सारून ठेवतात. रात्रीची गार हवा तेव्हा खाली उतरते. हौशी मंडळी तिथे कायमची काच बसवतात आणि अंगणाची भट्टी करून ठेवतात.

अलिबागच्या बंगल्यावर स्पॅनिश घरांसारखी अर्धगोल कौलं घातली. पहिल्याच पावसात गळली. का?

ही आपली नळीचीच कौलं : खालचा थर उताणा, वरचा पालथा. कौल एका टोकाला निमुळतं असतं. उताण्याचं अरुंद टोक उताराकडे हवं, पालथ्याचं रुंद. गवंड्याने दोन्ही एकाच तऱ्हेने लावली की सांधे नीट बसत नाहीत, पाणी आत शिरतं. ते आधी तपासा.

मग उतार पाहा. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया शहरात वर्षाला जेमतेम ५५० मिमी पाऊस. तिथला बेताचा उतार कोकणात पुरत नाही. इथे ३० अंशांखाली जाऊ नका, कौलावर कौल १० सेंमी तरी चढू द्या. सगळी कौलं सिमेंटात गाडली असतील तर तीही चूकच. कौल तापून हलतं, सिमेंट हलू देत नाही, चीर पडते. वळचणीची आणि आढ्याची ओळ तेवढी मसाल्यात बसवा, तोही चुन्याच्या.

दक्षिण स्पेनच्या अंदालुसिया प्रांतासारखी चुन्याची सफेदी केली, महिन्यात पोपडे सुटले.

खाली ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट होता का? चुन्याला सच्छिद्र गिलावा लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो भिंतीवरच दगड होतो. जुना रंग खरवडा, भिंत ओली करा, विरवलेला चुना दुधाइतका पातळ करून ३-४ हात द्या, दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. ओला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो. तिथेच धीर सुटतो आणि लोक चुना घट्ट करतात. भर उन्हात तर हात लावूच नका, पाणी उडालं की नुसती भुकटी उरते.

आसुलेखो म्हणजे निळी फरशी ना?

नाही, आसुलेखो म्हणजे झिलई दिलेली फरशी, रंग कोणताही. शब्द अरबी 'अल-झुलैज'वरून आला. स्पॅनिश 'आसुल', म्हणजे निळा, याच्याशी त्याचं नातं नाही. सेव्हियात हिरव्या, मधाळ पिवळ्याही भरपूर दिसतील.